नाव स्पॉन्सरचं, पैसा मालकाचा

फुटबॉलमधल्या पैशांच्या नियमांवर वाद निघाला की दोन गोष्टी कायम एकत्र कालवल्या जातात आणि सगळी चर्चा तिथेच फसते. एखाद्या क्लबने कमाईपेक्षा जास्त पैसे उडवले, ही एक गोष्ट. आणि एखाद्या क्लबने कमाईच खोटी दाखवली, ही पूर्ण वेगळी गोष्ट. पहिल्यात हिशोब खरा असतो म्हणूनच तोटा दिसतो, दुसऱ्यात हिशोब छान जुळतो कारण मुळात तोच खोटा असतो. आणि आज इंग्लंडमध्ये चाललंय काय, तर खरा तोटा दाखवणाऱ्याचे पॉइंट चालू सीझनमध्ये कापले जातात आणि खोट्या कमाईचा नुसता आरोप तपासायलासुद्धा दहा-पंधरा वर्षं जातात. हे उलटं आहे असं मला अगदी मनापासून वाटतं.

आधी नियम आला कुठून ते बघू. २०१० च्या आसपास युएफाने, म्हणजे युरोपातल्या फुटबॉलच्या संघटनेने, तेव्हा प्लॅटिनी अध्यक्ष होते, फायनान्शियल फेअर प्ले आणला, साधा अर्थ असा की क्लबने जेवढं कमवलं साधारण तेवढंच खर्च करायचं, मालकाने वरून ओतायच्या पैशाला मर्यादा. याची गरज का पडली हे पोर्ट्समथकडे बघितलं की कळतं. २००८ ला एफए कप जिंकलेला क्लब, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये प्रशासकाच्या हातात गेला, प्रीमियर लीगमध्ये असताना दिवाळखोरीच्या दारात जाणारा पहिला क्लब, ९ पॉइंट कापले गेले, खालच्या लीगमध्ये गेले, आणि पुढची कित्येक वर्षं सावरत बसले. पुढे बरी नावाचा सव्वाशेपेक्षा जास्त वर्षं जुना क्लब ऑगस्ट २०१९ मध्ये थेट लीगमधूनच काढला गेला. म्हणजे नियमामागची भीती खरी होती, ती कुणी कागदावर रंगवलेली नव्हती.

पण नियम झाला की लगेच पळवाट दिसली. मालकाने थेट पैसे ओतले तर ते कमाईत धरत नाहीत, स्पॉन्सरने दिले तर धरतात. मग मालकाच्याच घरातल्या, नात्यातल्या, देशातल्या कंपनीला स्पॉन्सर केलं आणि शर्टावरच्या जागेची किंमत पाहिजे तेवढी लावली की झालं. मुलाचं दुकान चालत नाही म्हणून बापाने दहा रुपयांचं पेन रोज हजार रुपयांना विकत घ्यायचं आणि मग गावभर सांगायचं की पोराचा धंदा जोरात चाललाय, इतकं साधं आहे हे. युएफाने हे ओळखलं होतं, म्हणून नियमात लिहिलं की संबंधित पार्टीचा करार असेल तर बाजारभाव काय ते आम्ही ठरवू आणि वरची रक्कम कमाईत धरणार नाही. आपल्याकडच्या सीए लोकांना हे नवीन नाही, इनकम टॅक्समध्ये ग्रुपमधल्या कंपन्यांचे आपापसातले व्यवहार असेच तपासतात. अडचण एवढीच की टॅक्सवाल्याकडे नोटीस काढायचे, बँकेकडून माहिती मागवायचे अधिकार असतात, फुटबॉल संघटनेकडे क्लब जे कागद देईल तेवढेच कागद असतात.

आता मँचेस्टर सिटी. २००८ मध्ये अबू धाबीच्या शेख मन्सूर यांनी क्लब घेतला. २०१०-११ च्या सीझनचा तोटा १९ कोटी ४९ लाख पौंड होता, इंग्लिश फुटबॉलमध्ये तोपर्यंत एवढा तोटा कुणी दाखवलेला नव्हता. युएफाचा नियम तोंडावर आला होता आणि नेमकं जुलै २०११ मध्ये एतिहाद एअरवेजबरोबर दहा वर्षांचा करार जाहीर झाला, स्टेडियमचं नाव, शर्ट, आजूबाजूचा कॅम्पस सगळं मिळून, आणि रक्कम तेव्हा सगळीकडे छापून आली ती साधारण ४० कोटी पौंड. आर्सेनलने २००४ मध्ये एमिरेट्सबरोबर स्टेडियमच्या नावासाठी आणि शर्टासाठी करार केला होता तो १० कोटी पौंडांचा होता. मधल्या सात वर्षांत भाव वाढले हे मान्य, तरी तेव्हाची सिटी चॅम्पियन्स लीगची एकही मॅच न खेळलेली टीम होती. एतिहाद २००३ मध्ये सुरू झालेली सरकारी विमान कंपनी, तिने पहिला निव्वळ नफा दाखवला तो २०११ मध्ये, १ कोटी ४० लाख डॉलर. तिचे चेअरमन शेख मन्सूर यांचे सावत्र भाऊ होते. आर्सेनलचे तेव्हाचे मॅनेजर वेंगर यांनी तेव्हाच जाहीरपणे शंका काढली होती. त्याच महिन्यात स्ट्रायकर ॲग्वेरो सिटीत आला आणि पुढच्या मे महिन्यात त्याने क्यूपीआरविरुद्ध शेवटच्या मिनिटाला तो गोल मारला, तो गोल मीसुद्धा ओरडून ओरडून बघितलाय आणि आजही बघतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. कंपनी सरकारी आहे किंवा भाऊ चेअरमन आहे एवढ्यावरून करार खोटा ठरत नाही. सिटीने सगळे आरोप पहिल्यापासून नाकारलेत, एतिहाद ही संबंधित पार्टी नाहीच असं त्यांचं म्हणणं राहिलं आहे. खरा प्रश्न नात्याचा नाहीच, पैसा कुठून आला याचा आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये जर्मनीच्या डेर श्पीगल साप्ताहिकाने सिटीचे फुटलेले ईमेल छापले आणि त्यात जो आकडा होता तो माझ्या डोक्यातून जात नाही: २०१५-१६ साठी एतिहादच्या नावावर ६ कोटी ७५ लाख पौंड, त्यातले एतिहादने स्वतः द्यायचे फक्त ८० लाख, उरलेले मालकाच्या कंपनीकडून. हे जर प्रत्यक्षात तसं घडलं असेल तर मग बाजारभाव किती याचा वाद घालण्यातच अर्थ नाही, कारण तो स्पॉन्सरच मुळात फक्त नावापुरता होता. घडलं की नाही, एवढंच शोधायचं होतं.

आणि ते शोधायला काय झालं बघा. २०१४ मध्ये युएफाने सिटी आणि पॅरिसचा पीएसजी क्लब दोघांशी मांडवली केली. प्रत्येकी ६ कोटी युरो दंड, त्यातले ४ कोटी अटी पाळल्या तर माफ, चॅम्पियन्स लीगला २१ जणांचीच टीम, आणि सिटीने अबू धाबीच्या दुय्यम स्पॉन्सरशिपची रक्कम वाढवणार नाही असं कबूल केलं. मग ईमेल फुटल्यावर युएफाने परत केस उघडली, फेब्रुवारी २०२० मध्ये दोन वर्षांची बंदी आणि ३ कोटी युरो दंड ठोठावला, आणि पाच महिन्यांनी कॅसने, म्हणजे खेळांच्या आंतरराष्ट्रीय लवादाने, बंदी काढून टाकली, दंड १ कोटीवर आणला, तोही फक्त तपासाला सहकार्य केलं नाही म्हणून. एतिहादबद्दलचा आरोप सिद्ध होत नाही असं पॅनेलच्या बहुमताने म्हटलं, आणि एतिसलात या दुसऱ्या स्पॉन्सरच्या, अमिरातीतल्या टेलिकॉम कंपनीच्या, पैशांचा मुद्दा मुदतीबाहेर गेला. युएफाच्या नियमात पाच वर्षांची मुदत आहे आणि ती ओलांडली होती, संपला विषय.

ही मुदत मला सगळ्यात जास्त खटकते. लपवलेली गोष्ट पाच वर्षं लपून राहिली तर माफ, हा कुठला न्याय? आपल्याकडच्या १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात कलम १७ आहे, त्यात सरळ म्हटलंय की फसवणूक असेल तर मुदत फसवणूक कळल्या दिवसापासून मोजायची. इंग्लंडच्या १९८० च्या कायद्यातही तेच तत्त्व आहे. साध्या दिवाणी दाव्यात जे शहाणपण आहे ते युरोपातल्या सगळ्यात मोठ्या खेळाच्या नियमात नसावं याला मी निष्काळजीपणा म्हणत नाही, हे नियम लिहिणाऱ्यांना मोठ्या क्लबच्या अंगावर जायचंच नव्हतं असं मला वाटतं.

पीएसजीचं पण तसंच. २०११ मध्ये कतारने क्लब घेतला, मग कतार टुरिझम ऑथॉरिटीबरोबर करार, वर्षाला २० कोटी युरोपर्यंत जाणारा, आणि तो शर्टावर नाव घालायचा करारही नव्हता, देशाची प्रतिमा उंचवायचा करार होता! २०१४ मध्ये युएफाने तो निम्म्यावर धरला. १० कोटी तरी का धरले हेच मला कळलेलं नाही, कारण पुढे न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली की युएफानेच नेमलेल्या तज्ज्ञ कंपनीने त्याच कराराची किंमत वर्षाला ५० लाखांपेक्षा कमी काढली होती. २०१७ च्या उन्हाळ्यात २२ कोटी २० लाख युरोला नेमार आणि पाठोपाठ एम्बाप्पे. चौकशी लागली, जून २०१८ मध्ये बंद झाली, युएफाच्याच दुसऱ्या समितीला ती परत उघडायची होती, तर कॅसने मार्च २०१९ मध्ये सांगितलं की फेरविचाराची दहा दिवसांची मुदत निघून गेली. परत मुदतच! आणि त्या काळातच पीएसजीचे अध्यक्ष नासर अल-खेलैफी युएफाच्या कार्यकारी समितीवर निवडून आले. ज्याची चौकशी चालू होती तोच माणूस टेबलाच्या पलीकडे बसला आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

आता याच्या शेजारी एव्हर्टन ठेवा. प्रीमियर लीगच्या तेव्हाच्या नियमात तीन वर्षांत १० कोटी ५० लाख पौंडांपर्यंत तोटा चालत होता. एव्हर्टन १ कोटी ९५ लाखांनी वर गेलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये १० पॉइंट कापले, अपिलात ६ झाले, एप्रिलमध्ये पुढच्या हिशोबासाठी अजून २ गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे त्याच सीझनमध्ये ४. दोन्ही क्लब रेलीगेशनच्या, म्हणजे खालच्या लीगमध्ये घसरण्याच्या, काठावर. तिकडे सिटीवर फेब्रुवारी २०२३ मध्ये ११५ आरोप ठेवले, २००९-१० ते २०१७-१८ पर्यंतच्या हिशोबांचे आणि वर तपासाला सहकार्य न केल्याचे, सुनावणी सुरू झाली सप्टेंबर २०२४ मध्ये, संपली डिसेंबरात, आणि २०२५ चा आख्खा उन्हाळा निकालाविना गेला. चोर सोडून संन्याशाला सुळी असं म्हणायचा मोह होतो, पण ते बरोबर नाही, सिटी अजून दोषी ठरलेली नव्हती आणि एव्हर्टन काही संन्यासी नव्हतं.

एव्हर्टनचं प्रकरण मुद्दाम नीट बघायला पाहिजे कारण त्यात दोन्ही गोष्टी आहेत. त्यांचे तेव्हाचे मालक फरहाद मोशिरी, त्यांचे जुने धंद्यातले साथीदार अलिशेर उस्मानोव, आणि उस्मानोव यांची यूएसएम कंपनी. ट्रेनिंग ग्राउंडवर यूएसएमचं नाव. जानेवारी २०२० मध्ये यूएसएमने ३ कोटी पौंड दिले, कशासाठी, तर अजून बांधूनही न झालेल्या स्टेडियमला नाव द्यायचा पहिला हक्क आपल्याकडे ठेवण्यासाठी. नाव देण्याचे पैसे वेगळे, हे फक्त रांगेत पहिलं उभं राहण्याचे! मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे उस्मानोव यांच्यावर निर्बंध आले आणि एव्हर्टनला यूएसएमबरोबरचे सगळे करार थांबवावे लागले. एका रात्रीत खड्डा पडला. नंतर एव्हर्टनने सुनावणीत हेच कारण सांगितलं की आमचा स्टेडियमच्या नावाचा करार गेला म्हणून आकडे बिघडले, आणि ते ऐकून घेतलं गेलं नाही.

म्हणून जेव्हा लोक म्हणतात की पैसा मालकाचा आहे, त्याला उडवायचाय तर उडवू दे, तुमच्या बापाचं काय जातं, तेव्हा मी एव्हर्टनकडे बोट दाखवतो. बाहेरचा खरा स्पॉन्सर गेला तर दुसरा येतो, थोड्या कमी भावात येतो, कारण त्या जागेला बाजारात किंमत असते. मालकाच्या ओळखीतला फुगवलेला स्पॉन्सर गेला की त्या जागी येणाऱ्याचा आकडा निम्मा-पाव असतो, आणि खेळाडूंचे पगार मात्र जुन्या आकड्यावर पाच-पाच वर्षं बांधलेले असतात. मालक मग विकून निघून जातो. लिव्हरपूल शहरात एव्हर्टनच्या जुन्या गुडिसन मैदानाभोवतीच्या गल्ल्यांत राहणारी, तीन पिढ्या सीझन तिकीट काढणारी माणसं कुठे जाणार? शिवाय एकाने भाव वाढवला की सगळ्यांना वाढवावा लागतो, नेमारच्या किमतीनंतर युरोपात ट्रान्सफरचे आकडे कुठे गेले ते सगळ्यांनी बघितलंय, आणि त्या रेसमध्ये सगळ्यात आधी दम लागतो तो मधल्या आणि छोट्या क्लबला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. तो असा की हे नियम म्हणजे जुन्या श्रीमंतांनी आपल्या वाड्याभोवती घातलेलं कुंपण. २००९-१० मध्ये मँचेस्टर युनायटेडची कमाई २८ कोटी ६४ लाख पौंड होती, सिटीची १२ कोटी ५१ लाख. कमाईएवढाच खर्च करा म्हटलं की हा फरक कायमचा गोठला, मग खालच्याने वर यायचंच नाही का? आणि हे खरं आहे, नियमाचा तसा परिणाम होतो, बायर्न, युनायटेड, रेआल यांना हा नियम सोयीचाच होता. मला स्वतःला वाटतं की खर्चाची मर्यादा प्रत्येकाच्या कमाईवर बांधणं हीच मूळ चूक आहे, सगळ्या क्लबला एकच कमाल आकडा असायला हवा. पण नियम अन्यायकारक वाटला तर त्याविरुद्ध उघड लढता येतं, मत देता येतं, कोर्टात जाता येतं. सिटी गेलीच की, २०२४ मध्ये प्रीमियर लीगच्या संबंधित पार्टीच्या नियमांना आव्हान दिलं, काही मुद्द्यांवर जिंकलीसुद्धा, नियम बदलावे लागले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तडजोड होऊन ते नियम बंधनकारक आहेत हे त्यांनी मान्य केलं. हा रस्ता सगळ्यांना मोकळा आहे. नियमाखाली सही करायची, त्याच नियमाखाली ट्रॉफी उचलायची आणि आत वेगळे कागद ठेवायचे, असं कुणी केलं असेल तर त्याला बंडखोरी म्हणू नका. त्यात फसवला जातो तो युनायटेड एकटा नाही, ज्या वेस्ट हॅमने, ज्या बर्नलीने ऐपतीप्रमाणे टीम बांधली तोही फसवला जातो.

इथे ऑस्ट्रेलियाचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. रग्बी लीगमधली मेलबर्न स्टॉर्म ही टीम, पगाराची मर्यादा चुकवायला खेळाडूंचे दोन-दोन करार ठेवत होती, एक लीगला दाखवायचा आणि एक आतला. एप्रिल २०१० मध्ये हे उघड झालं आणि लीगने तेव्हाच निकाल दिला. २००७ आणि २००९ च्या ट्रॉफ्या काढून घेतल्या, आणि चालू सीझनमध्ये कितीही मॅच जिंकल्या तरी एकही पॉइंट मिळणार नाही असं सांगितलं. मॅच मात्र खेळाव्या लागल्या. आणि स्टॉर्मची मालक कंपनी होती न्यूज लिमिटेड, जी त्या लीगचीही अर्धी मालक होती. तरी केलं. त्यातली दिशा बरोबर होती, कारण ज्याच्याकडे पैसा अमाप आहे त्याला पैशाचा दंड लागतच नाही. २०१८-१९ मध्ये सिटीची कमाई ५३ कोटी ५० लाख पौंडांच्या वर होती, तिथे १ कोटी युरो म्हणजे एखाद्या राखीव खेळाडूचा खर्च. २०२२ मध्ये पीएसजीला साडेसहा कोटी युरोचा दंड झाला, त्यातले प्रत्यक्ष भरायचे १ कोटी, बाकी अटींवर. चेल्सीने तर आपली दोन हॉटेलं आपल्याच ग्रुपमधल्या कंपनीला ७ कोटी ६५ लाख पौंडांना विकून आकडे जुळवले, प्रीमियर लीगने किंमत योग्य आहे म्हणून मान्य केलं, युएफाने तशी कमाई धरायला नकार दिला आणि जुलै २०२५ मध्ये ३ कोटी १० लाख युरोचा दंड लावला, आणि त्या उन्हाळ्यातही त्यांची खरेदी जोरात चालू होती. पॉइंट आणि ट्रॉफी, या दोनच गोष्टी अशा आहेत की ज्या चेक फाडून परत आणता येत नाहीत.

आणि पुढचं चित्र मला अजून काळजीचं वाटतं. युएफाने आता नवीन नियम आणलाय, टीमवरचा खर्च कमाईच्या ७० टक्क्यांच्या आत ठेवायचा, २०२५-२६ पासून पूर्ण लागू. ऐकायला कडक. पण मर्यादा परत कमाईवरच टांगलेली, म्हणजे स्पॉन्सरशिप १० कोटींनी फुगवली की खर्चाला सरळ ७ कोटींची जागा झाली. फुगवण्याचा मोह कमी व्हायच्या ऐवजी त्याचा भावच ठरवून दिला. करार होण्याआधीच तो तपासणं, हा एक उपाय निदान काम करताना दिसलाय. सौदी फंडाने ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यूकॅसल घेतल्यावर प्रीमियर लीगने तशी पद्धत आणली, आणि २०२३ मध्ये त्याच फंडाच्या सेला कंपनीचा शर्टावरचा करार आला तो वर्षाला साधारण अडीच कोटी पौंडांचा, आधीच्या स्पॉन्सरच्या चौपट जवळ पण चॅम्पियन्स लीग खेळणाऱ्या टीमला शोभेल असा. बाजारभावाच्या पलीकडे गेला नाही कारण वर कुणीतरी बघत होतं. एवढ्याने पुरणार नाही हे खरं, कारण किंमत बरोबर असली तरी पैसे स्पॉन्सरच्याच खात्यातून आले का हे करार तपासून कळत नाही, त्यासाठी बँकेची एंट्री बघायला लागते आणि खोटं दिलं तर शिक्षा करायचा कायदेशीर अधिकार लागतो. इंग्लंडमध्ये जुलै २०२५ मध्ये फुटबॉल गव्हर्नन्स ॲक्ट झाला, स्वतंत्र रेग्युलेटर आलाय, मालकाच्या पैशाचा उगम विचारायचा अधिकार त्याला आहे. तो वापरला पाहिजे, आणि क्लब विकत घेताना एकदा विचारून थांबू नये, दर वर्षी स्पॉन्सरच्या पैशाबद्दलही विचारावा.

हे सगळं लांबचं आहे असं आपल्याकडे कुणी म्हणू नये. सिटीच्या मालकांच्याच सिटी फुटबॉल ग्रुपने नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबई सिटी क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता, त्यानंतर मुंबईने लीग जिंकली, अंधेरीच्या स्टेडियममध्ये आकाशी शर्ट घालून येणारी पोरं वाढली, ती पहाटेपर्यंत जागून मँचेस्टरच्याही मॅच बघतात. त्यांच्याशी वाद घालताना मला वाईट वाटतं, कारण त्यांनी काहीच केलेलं नाही. त्यांनी डेव्हिड सिल्वाचे पास बघितले, ग्वार्डिओलाची टीम बघितली, ते प्रेम खरं आहे. त्यांना रोज कुणीतरी ११५ म्हणून डिवचतं आणि त्यांच्याकडे द्यायला उत्तर नसतं, कारण ज्यांनी उत्तर द्यायचं ते वर्षानुवर्षं बंद दारामागे बसले. दुसऱ्या बाजूला २०१३-१४ चा लिव्हरपूलचा फॅन आहे, ८४ पॉइंट आणि सिटीचे ८६, त्यांचा कॅप्टन जेरार्ड याचं लीग न मिळताच करिअर संपलं, त्यालाही उत्तर मिळालेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की अशा केसचा निकाल कुणाच्याही बाजूने असो, तो पूर्ण छापायला हवा. आरोप खोटे असतील तर कुठला पैसा कुठल्या खात्यातून कधी आला ते तारखेसकट लोकांसमोर ठेवा, म्हणजे त्या खेळाडूंच्या नावामागचा डाग जाईल आणि लीगला इतकी वर्षं आरोप टांगून ठेवल्याचा जाब विचारता येईल. खरे असतील तर नुसते पुढच्या सीझनचे पॉइंट कापून भागवू नका, आरोपांच्या काळातल्या २०११-१२, २०१३-१४ आणि २०१७-१८ या तीन लीग ट्रॉफ्यांचं काय करायचं हे त्याच निकालात लिहा. दुसऱ्या नंबरवरच्या टीमला त्या द्या असं मी म्हणत नाही, जागा रिकामी ठेवली तरी चालेल, मेलबर्नच्या त्या दोन वर्षांसमोर आजही कुणाचंच नाव नाही.